झीक बूनचा निळा कोट

ज्या माणसाला मानच नाही त्याला कॉलर कशी बसवायची, हे मला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगावं. वर डोकं आहे, खाली खांदे आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये देवाने काही ठेवायचं राहून गेलंय. असा एक माणूस सप्टेंबरातल्या एका शनिवारी, मी दुकानाच्या दारावरची पाटी उलटी करत असतानाच आत आला. आला म्हणजे काय, दारात मावेना म्हणून तिरका होऊन शिरला. बाहेर वाऱ्याने आडवा झालेला पाऊस होता आणि त्यातला निम्मा तो अंगावर घेऊन आला होता. आल्या आल्या त्याने माझ्याकडे पाठ केली.

“मॅडम, मागे काय झालंय ते जरा बघता का?”

मागे कोट मानेपासून कमरेपर्यंत उसवला होता. मान नव्हती, पण कुठूनतरी सुरुवात सांगायला हवी.

“हे कशाने झालं?”

“बुटाची नाडी बांधली, मॅडम.”

“नाडी बांधताना कोट फाटतो?”

“वाकलो ना… म्हणून.”

“दुकान बंद झालंय,” मी म्हणाले.

“हो, मॅडम.” असं म्हणून तो तिथेच उभा राहिला. मी सकाळीच पुसलेल्या लाकडी जमिनीवर त्याच्या बाहीतून टपटप पाणी गळत होतं. “आमचं विमान आहे. कोचचा नियम आहे, कोटाशिवाय विमानात चढायचं नाही. आणि मी नवीन आहे. नवीन माणूस विमानात चढला नाही, तर… पुढच्या वेळी त्याला कुणी चढ म्हणत नाही.”

एवढ्यात आतून बाबा आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून बाबांना सुईत दोरा दिसत नाही, म्हणून दुकान माझ्या गळ्यात आलं. पण हा माणूस त्यांना पाठमोरा, अंधारात, चष्म्याशिवाय ओळखू आला.

“नायला! अगं, हा बून आहे! आपल्या बगळ्यांचा नवा लाइनबॅकर!”

टोलीडोत राहणाऱ्या माणसाला बगळे म्हणजे कोण हे सांगावं लागत नाही. संघाचं नाव हेरन्स, पण गावात सगळे बगळेच म्हणतात; हरल्यावर त्याच्या पुढे आणखी काहीबाही जोडतात. आमचा अमेरिकी फुटबॉल हा बॉल काखेत मारून पळायचा खेळ आहे. बाकी जग पळणाऱ्यांवर जीव टाकतं. बाबांचा जीव त्यांना आडवं पाडणाऱ्यांवर, म्हणजे बूनसारख्या लाइनबॅकरांवर. समोरच्या संघाचा एखादा गडी दाणकन आपटला की बाबांना जेवण गोड लागतं. लहानपणापासून माझे सगळे रविवार त्या आरडाओरड्यात गेले, आणि त्यामुळे या खेळाबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते मी देवळात बोलू शकत नाही.

“हबीबी, बस, कॉफी घे,” बाबा घरच्या अरबीत लाडाने म्हणाले.

“बसला तर पँटही जाईल,” मी म्हणाले. “उभे राहा. अंगावरच शिवते.”

स्टुलावर चढून मी त्याच्या पाठीमागे उभी राहिले. ओल्या लोकरीचा वास, त्यात कसल्याशा मलमाचा उग्र दर्प. पाठ कसली, आमच्या कापण्याच्या टेबलाएवढी होती. मी टाके घालत होते आणि तो अगदी गप्प, ताठ उभा.

“श्वास घ्या.”

“घेतला तर परत फाटेल, मॅडम.”

मी हसले नाही. तोंडात टाचण्या होत्या.

“मॅडम म्हणू नका. मी तुमच्याएवढीच असेन.”

“येस मॅडम. आमच्याकडे जॉर्जियात असंच म्हणतात, मॅडम.”

तो गेला, आणि त्या रविवारी बाबांनी मला जबरदस्तीने टीव्हीसमोर बसवलं. आपण शिवलेली पाठ बघायची म्हणे. झीक बूनने त्या दिवशी एका पळणाऱ्या गड्याला असं उचलून खाली ठेवलं की बाबांच्या हातातली खिम्या-कांद्याच्या किबेची बशी उडाली. मी जमिनीवरचा कांदा वेचत पुटपुटत होते, आणि पुटपुटता पुटपुटता बघतही होते. हे मला मुळीच आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो नवा सूट शिवायला आला. छातीला एक टेप पुरेना, दोन जोडाव्या लागल्या. बाबांनी गडद निळं कापड काढलं आणि मला बजावलं, “शिवणीत भरपूर माया सोड. खेळाडू आहे, अंग बदलत राहील.” मी सोडली. पण किती बदलेल याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

सूट झाला. आरशासमोर उभा राहून तो स्वतःकडे असा बघत होता, जणू कुणी पाहुणा आलाय. “मॅडम,” तो हळूच म्हणाला, “माझ्या मापाचं असं आजवर मला काहीच मिळालं नव्हतं.” मी लगेच त्याला बाहीचं बटण लावायचं कसं यावर एक व्याख्यान दिलं.

आणि तिथून माझ्या छळाला सुरुवात झाली.

पहिला हंगाम संपता संपता कोचला साक्षात्कार झाला की बूनने मागे उभं न राहता पुढच्या गड्यांच्या भिंतीत उभं राहावं. पुढच्या भिंतीला वजन लागतं. मग हा माणूस वसंतभर खात सुटला. दुकानात यायचा तोही आईने जॉर्जियाहून पाठवलेल्या उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. टरफलं माझ्या खडूंच्या डब्यात. कोट पुढून मिटेना. मी शिवणी उसवल्या, होती नव्हती ती माया सोडवली, कोट मोठा केला.

वर्षभराने संघ हरला, कोचला घालवलं, नवा आला. त्याला सगळे चपळ हवे होते. बूनने परत मागे यावं, हलकं होऊन यावं. मग उकडलेली कोंबडी आणि पालेभाजी, आणि चेहरा असा की घरात कुणी गेलंय. कोट अंगावर लोंबू लागला. मी परत उसवला, लहान केला.

त्याच्या पुढच्या वर्षी त्या कोचचं मत बदललं. थोडा जाड हो म्हणाला.

“अहो, त्यांना एकदा ठरवायला सांगा!” मी कात्री आपटली. “हा कोट आहे, फुगा नाही! नवा सूट शिवा.”

“संघात नाव पक्कं झालं की शिवू, मॅडम.”

“चार वर्षांचा करार आहे ना तुमचा?”

“कागदावर आहे.” तो शेंग सोलत शांतपणे म्हणाला. “आमच्यात सकाळी फोन येतो. ‘कोचना भेटायला या आणि येताना टॅब घेऊन या.’ संघाचे सगळे डाव त्या टॅबमध्ये असतात ना. टॅब घेऊन ये म्हणाले की समजायचं… घरी जायचं. माझ्या शेजारच्या कपाटाचा मालक तीन वेळा बदलला. मी फोन वाजला की आधी टॅबकडे बघतो.”

हे तो असं सांगत होता जसं कुणी हवापाण्याबद्दल सांगावं. मला त्याचा राग आला. मग त्याच्या कोचचा आला. मग, टरफल माझ्या अस्तरावर पडलं म्हणून, परत त्याचा.

मधल्या काळात बटणं तुटायची. महिन्यातून एकदा तरी झीक बून दारातून तिरका होत आत यायचा आणि तळहातावर बटण धरून उभा राहायचा. एकदा मी ते बटण आणि कोट दिव्याखाली नेऊन नीट पाहिलं. दोरा झिजलेला नव्हता, ओढून तुटलेलाही नव्हता. सरळ, स्वच्छ, कात्रीने कापलेला होता.

“हे कसं तुटलं म्हणालात?”

“असंच… गाडीच्या दारात अडकलं.”

“गाडीच्या दाराला कात्री असते वाटतं?”

त्याचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. बाबा आत खोकले, म्हणजे ऐकत होते. मी बटण लावून दिलं आणि या वेळी दोरा जरा सैलच ठेवला. का, ते मला विचारू नका.

असं चाललं होतं. एवढा मोठा माणूस, हजारो लोकांसमोर दुसऱ्यांना आपटतो, पण “माझ्याबरोबर कॉफी प्यायला येता का” एवढं वाक्य त्याला जमेना. एकदा म्हणाला, “मॅडम, रविवारी तुम्ही काय करता?” मी श्वास रोखला. “रविवारी तुम्ही खेळता, मी तुम्हाला बघते,” मी म्हणाले. “हो… हो ना,” म्हणाला, आणि हसत हसत निघून गेला. मी बंद दाराकडे बघत कपाळावर हात मारून घेतला. एवढं सरळ सांगितल्यावर कुठला शहाणा माणूस निघून जातो?

मग चौथ्या वर्षाचा डिसेंबर आला.

गुरुवार होता, बाहेर बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता, ना धड हे ना धड ते. झीक कोट घेऊन आला. मी नेहमीसारखी टेप घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, “हात वर.”

उजवा वर गेला. डावा कमरेपाशी थोडा हलला आणि थांबला.

“दोन्ही.”

“तसं काम नाहीये आज, मॅडम. फक्त या खांद्यात थोडं… भरायचंय. आतून. कापूस, गादी, जे काय तुम्ही घालता ते.”

मी मागे सरून त्याला पाहिलं. तेव्हा दिसलं. डावा खांदा उतरला होता. फार नाही, दोन बोटं. पण ज्या खांद्यांवर मी चार वर्षं खडूने रेघा ओढल्या, ते मला झोपेतसुद्धा सरळ दिसतात.

“काय झालंय?”

“काही नाही. बाहेर येतो कधी कधी. मी परत बसवतो.”

“कोण बसवतो?”

“मीच. भिंतीला टेकून. सवय झालीय.”

माझ्या हातातून टेप खाली पडली.

“संघाच्या डॉक्टरांना…?”

“त्यांना माहीत नाही. आणि कळता कामा नये.” तो आता माझ्याकडे न बघता, काचेबाहेर बघत बोलत होता. “दोनच सामने राहिलेत, मॅडम. वसंतात करार संपतो. दोन सामने उभा राहिलो तर पुढचा करार चांगला होईल, आई काम सोडू शकेल. आज सांगितलं तर बाकावर. आणि माझ्या जागी लँड्री येईल.”

लँड्री म्हणजे त्याच्या मागे बदली म्हणून बसलेला नवा गडी. झीक त्याला रोज सरावानंतर थांबून डाव शिकवायचा. त्याच्याबद्दल बोलताना त्याचा चेहरा धाकट्या भावाबद्दल बोलावं तसा व्हायचा.

“एक रविवार माझ्या जागेवर उभा राहिला की जागा त्याची,” झीक म्हणाला. “चांगला आहे हो पोरगा. तेच तर दुखणं आहे.”

“आणि खांद्यात कापूस कशाला?”

“सामन्याआधी आम्ही कोट घालून मैदानात चालत जातो ना, तेव्हा कॅमेरे असतात. समोरच्या संघाचे लोक ते बघतात. कोण लंगडतोय, कुणाचा हात हलत नाही. त्यांना कळलं की बरोब्बर तिथेच मारतात.” मग अगदी हळू म्हणाला, “तुम्ही केलंत तर कुणाला कळणार नाही.”

मी काय करायचं होतं? खांदा भरून दिला तर मी त्याला माझ्या हाताने तसल्या अवस्थेत मैदानात पाठवणार. नाही दिला तरी तो जाणारच, आणि सगळे मिळून नेमके त्याच खांद्यावर तुटून पडणार. चार वर्षांत या माणसाने मला दाखवलेल्या सगळ्या वैतागांत असा वैताग नव्हता.

“निघा,” मी म्हणाले.

“मॅडम…”

“कोट ठेवा आणि निघा इथून!”

तो गेला. बाबा आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“दोनच सामने आहेत, नायला,” ते चाचरत म्हणाले. “आणि बगळे या वर्षी…”

“बाबा, तुम्ही एक अक्षर बोलू नका.”

नंतर बराच वेळ त्यांनी स्वतःचा हात वर करून, खाली करून, खांदा चाचपून पाहिला.

मी कोट शिवला. शुक्रवार सगळा त्यातच गेला. थराला थर लावून, कडेला पातळ करत, आतून असा बेमालूम भरला की हात फिरवला तरी कळू नये. चांगलं काम केलं म्हणून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. मधेच डोळ्यांत पाणी यायचं, मग टाका चुकायचा, मग मी त्याला शिव्या देत उसवून परत घालायची. माझं त्या माणसावर प्रेम होतं. कधीपासून ते सांगता येणार नाही. बहुतेक शेंगांच्या टरफलांपासून. पण होतं, आणि हे मला नेमकं त्याच्या मोडक्या खांद्यात कापूस भरताना समजावं, याला काय म्हणायचं?

शनिवारी सकाळी तो आला. मी कोट त्याच्या अंगावर चढवला. आधी डावी बाही, सांभाळून. त्याने दात आवळल्याचं मला कळलं. मग त्याला खांद्यांना धरून आरशाकडे वळवलं.

दोन्ही खांदे सरळ होते. इतका देखणा तो कधीच दिसला नव्हता.

“मॅडम… हे…”

“कुणाला कळणार नाही,” मी म्हणाले. “तुझ्या आईलासुद्धा नाही. मी केलंय ना. आता ऐक. तुला जाड हो म्हणाले, तू झालास. बारीक हो म्हणाले, झालास. परत जाड हो. एकदा तरी नाही म्हणालास? आणि दर वेळी मी इथे बसून कोट उसवून दिला, की चला, याला बसेल असं करू. पण खांदा काही मला उसवून शिवता येत नाही, झीक! तो कोटाचा नाही, तुझा आहे! उद्या कुणीतरी त्याच्यावर येऊन आदळेल आणि मी वर घरात बसून बघेन, आणि बाबा ओरडतील, आणि मला… मला…”

“तुम्हाला काय?”

त्याने हे फार हळू विचारलं. तो इतका जवळ उभा होता की कोटाच्या कॉलरवर राहिलेला खडूचा कण मला दिसत होता. मी तो झटकला. हात तिथेच राहिला, जरा जास्त वेळ.

“मला काम आहे,” मी म्हणाले. “जा.”

आणि तो गेला! त्या भरलेल्या, सरळ, सुंदर खांद्यांनी दारातून तिरका होत निघून गेला. मी त्याच्या मागे कात्री फेकली नाही एवढंच.

रविवारी दुकान बंद असतं. वर घरात बाबा जेवणाआधीच टीव्हीसमोर जाऊन बसले होते. मी त्यांच्या खुर्चीमागे ओला फडका हातात घेऊन उभी होते, भांडी अर्धी धुवून. पडद्यावर बगळे एकेक करून मैदानात चालत येऊ लागले. कुणी करडा सूट, कुणी टोपी, कुणी कानात गाणी लावून. लँड्री तपकिरी कोटात आला, दातांची सगळी माळ दाखवत.

झीक आला नाही.

“मागे असेल,” बाबा म्हणाले.

शेवटचा माणूस आत गेला, दार बंद झालं. टीव्हीवर बोलणारा म्हणाला की बून आज खेळणार नाहीत, कारण अजून कळलेलं नाही. बाबांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. “म्हणजे काय कळलेलं नाही? इतका मोठा माणूस हरवतो कसा?”

वाटलं, सामन्याआधीची रात्र संघ गावातल्याच हॉटेलात काढतो, काल तिथे काहीतरी झालं असेल… फोन केला तर उचलेना. सामना सुरू झाला, बाबांची शिवीगाळ सुरू झाली, आणि मग कुठेतरी पहिल्या सत्राच्या मध्यात खाली दुकानाची घंटा वाजली.

मी जिने धावत उतरले. काचेपलीकडे तो उभा होता. निळा कोट नुसता खांद्यांवर टाकलेला, आत डावा हात पांढऱ्या पट्टीत गळ्याशी बांधलेला. बर्फाचा चिखल डोक्यावर वितळत होता.

“कोट चुरगळलाय,” मी दार उघडून म्हणाले. चार वर्षांच्या सवयीने तेवढंच सुचलं.

“सांगितलं मी त्यांना. काल.”

“का?”

“हॉटेलच्या लिफ्टमध्ये आरसा आहे.” तो थांबला. “त्यात पाहिलं. इतका धडधाकट दिसत होतो, नायला, की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग लिफ्टचं बटण दाबायला हात उचलला… आणि उचलेना. तिथून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेलो.”

त्याने मला नावाने हाक मारली होती. मी लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

“ते काय म्हणाले?”

“खूप ओरडले. आतलं सगळं फाटलंय. ऑपरेशन, मग पुढचं वर्ष जवळजवळ सगळं. आणखी एक सामना खेळलो असतो तर हात कायमचा गेला असता म्हणाले. मग मला म्हणाले, मैदानाच्या कडेला उभा राहून बघ. मी थोडा वेळ उभा राहिलो.” त्याने डोकं हलवलं. “बघवेना.”

वरून टीव्हीचा गलका आला, असा की जिन्यातला दिवा हलावा. मग बाबांचा आवाज: “मारला! अरे काय मारला!”

झीकचं डोकं आपोआप वर वळलं. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्याने विचारलं, “कुणी मारला, सर?”

“लँड्रीने!” बाबा पडद्यावरून नजर न काढता ओरडले असणार. “आतून घुसला, साफ आडवा केला! वा रे पठ्ठ्या!”

झीक परत आला आणि माझ्या स्टुलावर बसला. स्टूल करकरलं.

“तो डाव मीच शिकवला त्याला,” तो म्हणाला. “आतून घुसायचा. मंगळवारी.”

“चांगला शिकवलास.”

“हो ना.” तो हसायला गेला आणि ते हसू मधेच मोडलं. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. एवढा मोठा माणूस रडला तर कसा रडेल, असं वाटलं होतं. तसा काही वेगळा रडत नव्हता. “आता जागा त्याची. आता मला कुणी बोलावणार नाही. जाड हो म्हणून नाही, बारीक हो म्हणून नाही. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून कुणी ना कुणी सांगत आलंय, बून, इथे उभा राहा. आता मी कुठे उभा राहू?”

खरं तर इथे मी काहीतरी मऊ, शहाणं, धीराचं बोलायला हवं होतं. पण मी दोन दिवस नीट झोपले नव्हते, फडक्याचं पाणी माझ्या मोज्यात गळत होतं, आणि हा माणूस चार वर्षं बटणं कापून आणत होता.

“माझ्याशी लग्न कर आणि माझ्याजवळ उभा राहा!” मी ओरडले.

स्टूल पुन्हा करकरलं.

“काय?” तो म्हणाला.

“खांद्याबरोबर कानही गेले का? लग्न! तू आणि मी! तुझा हात बरा होवो न होवो, तुला कुणी बोलावो न बोलावो, मला त्याचं काहीएक पडलेलं नाही. मला तू हवा आहेस. जाड, बारीक, कसाही. चार वर्षं हेच सांगायचंय मला, आणि तू एकदा सुद्धा विचारलं नाहीस!”

तो उठला. डोळे अजून ओले होते, पण त्यांच्या कडेला काहीतरी बदलत होतं.

“मी आज तेच विचारायला आलो होतो,” तो म्हणाला. “वाटेत सगळं ठरवून आलो होतो, कसं बोलायचं ते. तुम्ही जरा थांबला असता तर…”

“जरा?” मी म्हणाले. “जरा?”

पुढचं मला बोलता आलं नाही, कारण त्याने मला जवळ घेतलं होतं. एकाच हाताने, पण तो हात दोघांना पुरेल एवढा होता. कोट खांद्यावरून घसरून खाली चिखलपाण्यात पडला. माझ्या हातचा, चार वेळा उसवून शिवलेला कोट. मी तो उचलला नाही.

“नायला!” बाबा जिन्याच्या वर येऊन उभे राहिले होते. “कोण आहे गं खाली? मघाशी मला सर कोण म्हणालं? आणि तू कुणावर ओर—”

ते थबकले. मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही जे दिसायचं ते दिसलं असावं. वर टीव्हीत हजारो माणसं लँड्रीच्या नावाने गजर करत होती. झीकने तो ऐकला. त्याचा हात माझ्या पाठीवर क्षणभर घट्ट झाला, आणि मग सैल पडला.

बाबा आत वळले. त्यांची पावलं खुर्चीपर्यंत गेली. आणि मग, सामना रंगात आलेला असताना, आमच्या घरात एकदम सगळं शांत झालं. बाबांनी टीव्ही बंद केला होता.